मामांची खरी रजा

जगात आजारी माणूस असा नसतोच, असतात ती फक्त रजेवर गेलेली माणसं, असं ठाम मानणारा एकच मनुष्य मी पाहिला, आणि नेमका तोच माझ्या बायकोचा सख्खा मामा निघाला. मामा अग्निशमन दलात तांडेल होते, म्हणजे बंबावरच्या जवानांचे म्होरके. आगीवर विश्वास न ठेवणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता, पण मामांनी तो आगीपुरता कधीच ठेवला नाही. दूधवाला, रिक्षाचा मीटर, हवामानाचा अंदाज आणि बुधवार पेठेतून आणलेली कुठलीही विजेची वस्तू यांच्याकडे ते सारख्याच नजरेने बघत. कुठल्याही कार्यालयात लग्नाला गेले की नवरानवरीच्या आधी बाहेर पडायचे दरवाजे मोजून येत. आमच्या लग्नात तर होमापाशी वाळूची बादली घेऊन उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "अहो, अग्नी साक्षीला बोलावलाय." मामा म्हणाले, "साक्षीला आलेल्यांवरच जास्त लक्ष ठेवावं लागतं." आमच्या सप्तपदीच्या प्रत्येक फोटोत आम्हा दोघांच्या मधोमध एक लाल बादली आहे.

पण त्यांचा खरा हातखंडा रजा पकडण्यात. केंद्रावरच्या एखाद्या जवानाने मेडिकल टाकलं, की ड्यूटी संपवून मामा स्कूटरवरून थेट त्याच्या घरी. हे काम त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं आणि नको म्हणायची कुणाची छातीही नव्हती. गेले की आधी दारातल्या चपला उलट्या करून तळ बघायचे, ओली माती आहे का. मग उशीला खळगा पडलाय का ते बघायचे. शेवटी टीव्हीच्या पाठीवर तळहात. तेव्हाचे टीव्ही पोट सुटलेले असत आणि बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहत. "माणसाचा ताप येतो नि जातो, जावईबापू. टीव्ही खोटं बोलत नाही." तपासणीच्या घरी ते पाण्याचा घोटसुद्धा घेत नसत. चहा पाजून लोक अहवाल गोड करून घेतात, असा त्यांचा संशय होता.

माझ्यासारखा बँकेतला कारकूनही त्यातून सुटला नाही. क्रिकेटच्या सामन्यासाठी मी एकदा ताप आल्याचं कळवून घरी बसलो होतो. आम्ही कर्वेनगरात, मामा पलीकडच्या इमारतीत. दुपारी बेल वाजली. मामा आत आले, माझ्या कपाळाकडे न बघता टीव्हीवर हात ठेवला आणि म्हणाले, "ताप इकडे उतरलाय वाटतं." एवढं बोलून ते सामना संपेपर्यंत माझ्यासमोर शांतपणे बसून राहिले, आणि शेवटची दहा षटकं मी बंद टीव्हीकडे बघत काढली.

मामांच्या या छंदात फक्त एकदाच गंभीर प्रकार झाला. कदम नावाच्या जवानाने कंबर धरली म्हणून रजा टाकली. मामा सकाळीच त्याच्या घरी पोचले, तर दाराला कुलूप! मामांना चपला बघायचीही गरज वाटली नाही. 'रजेवर असताना घरी नाही' असा अहवाल त्यांनी दिला आणि कदमच्या सेवापुस्तकात शेरा बसला. "दवाखान्यात गेलो होतो," असं कदम सांगत राहिला. मामा म्हणाले, "सगळे दवाखान्यातच असतात." त्यानंतर कदम मामांशी कामापलीकडे एक अक्षर बोलला नाही. शिडी धरायचा, पाइप ओढायचा, आणि गप्प.

आणि मग वाघोलीच्या एका विहिरीत म्हैस पडली. मामा दोर बांधायला खाली उतरले. वरून मालक ओरडत होता, "सायेब, गाभन हाय, जपून!" म्हैस खरंच पडली की उडी मारली, याबद्दल मामांना शेवटपर्यंत शंका होती. ती सुखरूप वर आली. मामा मात्र तिला खालून रेटा देताना जे वाकले, ते सरळ झालेच नाहीत. मणका सरकला होता. डॉक्टरांनी सहा आठवडे सक्तीची विश्रांती लिहून दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मामांनी मेडिकल टाकलं.

त्यांचा पहिला संशय डॉक्टरांवर. "ह्याने किती पटकन लिहून दिलं, बघितलंत? असलं सर्टिफिकेट मी दुसऱ्याचं असतं तर फाडलं असतं." दुसरा संशय स्वतःवर. रात्री थोडी कमी कळ आली की सकाळी चेहरा पडायचा. "म्हणजे मी बहाणा करतोय का हो?" मग ते मुद्दाम वाकून बघायचे आणि कळ आली की समाधानाने "आई गं!" म्हणायचे. कुणीतरी तपासणीला येणार याची त्यांना खात्रीच होती, म्हणून घराची तयारी झाली. चपला पुसून दाराशी उलट्या ठेवल्या. टीव्हीला हात लावायचा नाही. मी एखादा विनोद सांगितला तर ओठ घट्ट मिटून घ्यायचे, कारण हसणारा माणूस आजारी दिसत नाही. एक्स-रे उशाशी असायचा आणि पेपरवाल्यालासुद्धा उजेडात धरून दाखवला जायचा. मामी वैतागून म्हणाल्या, "अहो, कुणी येत नाहीये. सगळ्यांचा तुमच्यावर विश्वास आहे."

मामांना नेमकं तेच सोसवत नव्हतं. आयुष्यभर ज्याने सगळ्यांना खोटं ठरवलं, त्याला खरं ठरवायला कुणीतरी यायला हवं होतं. नुसता विश्वास काय कामाचा? तो तर त्यांनी कधी कुणाला दिलाच नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात त्यांना वजनं लावून कंबर ताणून घ्यायला रोज सकाळी दवाखान्यात जावं लागलं. पहिल्या दिवशी मी रिक्षातून दोघांना परत आणलं. धरून धरून जिना चढवला आणि मामा आपल्याच दारासमोर थबकले. मामी पर्समध्ये किल्ली शोधत होत्या. मामा कुलुपाकडे बघत म्हणाले, "थांब जरा. कदमच्या दाराला असंच होतं."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली: 'उपचारासाठी दवाखान्यात गेलो आहोत. अकरा वाजता परत येऊ. तपासणीस येणाऱ्यांनी थांबावे. निष्कर्ष काढून निघून जाऊ नये.'

आणि चौथ्या आठवड्यात खरंच कुणीतरी आलं. मी दार उघडलं तर समोर कदम. मामांच्या जागी तेव्हा तोच बंबावर जात होता. इतक्या वर्षांचा हिशेब चुकता करायला आला असणार, यात मला शंका वाटली नाही. कदमने बाहेरची पाटी सावकाश वाचली. मग वाकून मामांच्या चपला उचलल्या, तळ बघितले, जागच्या जागी ठेवल्या. आत येऊन उशी चाचपली. टीव्हीच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवला. मामा पडल्या पडल्या परीक्षेला बसलेल्या पोरासारखे त्याच्या हाताकडे बघत होते. मामी घाईने म्हणाल्या, "चहा टाकते." कदम म्हणाला, "नको वहिनी. तपासणीत चहा चालत नाय."

मग तो मामांकडे वळला. "रजा खरी हाय, साहेब."

मामांनी डोळे मिटले. चार आठवड्यांत पहिल्यांदा त्यांचं अंग सैल झालेलं मी पाहिलं. मग म्हणाले, "कदम, तू त्या दिवशी दवाखान्यातच होतास."

"व्हतो की. सांगितलं व्हतं तवा."

"मी मानलं नाही."

"नाय मानलं." कदम खुर्ची ओढून बसला. "वजन किती लावत्यात?"

"नऊ किलो."

"मला बारा लावायचे," कदम म्हणाला, आणि स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "वहिनी, आता टाका चहा."

दुसऱ्या दिवशी मामांनी मला बोलावून वरिष्ठांना अर्ज लिहून घेतला. कदमचा शेरा काढावा, एवढीच मागणी. कारण मात्र त्यांनी स्वतः शब्दाशब्दाने सांगितलं: 'दवाखान्याच्या वेळेत दार बंद असणे यास गैरहजेरी म्हणता येत नाही, हे मला आता कंबरेने कळले आहे.' 'कंबरेने' बदलून 'अनुभवाने' लिहू का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, "अनुभव सगळेच लिहितात. खरं आहे ते लिहा."

मामा पुन्हा बंबावर चढले नाहीत. निवृत्तीपर्यंत फोनवर वर्दी घ्यायचं काम केलं, आणि समोरचा आग खरी सांगतोय का, हा संशय त्यांनी एकदाही घेतला नाही. तपासणीला मात्र जात राहिले. फक्त बरोबर मामींनी दिलेला मऊ भाताचा डबा असे, आणि जिन्याच्या तळाशीच ते दोनदा मोठ्याने खोकत. वरच्याला टीव्ही बंद करून पांघरूण घ्यायला तेवढा वेळ पुरायचा. माझ्याकडेही असेच दोन-चार सामन्यांना आले. गरम टीव्हीकडे पाठ करून बसायचे आणि विचारायचे, "ताप कसा आहे, जावईबापू?"

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आमचा टीव्हीही भिंतीवर टांगलेला, चपटा. तो गरम होतो की नाही हे कुणी बघत नाही. परवा मला खराखुरा ताप होता. एकटाच घरी पडून दुपारभर मी जिन्याकडे कान लावून होतो. कुणी खोकलं नाही.