पुष्पावहिनीची मिसरी

भेस्तानच्या आमच्या चाळीत पुष्पावहिनीच्या हातच्या मांड्यांना तोड नव्हती. पुरण भरलेला गोळा ती दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ताटाहून मोठा करायची आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर अल्लद टाकायची. अखाजीच्या सणाला लेकी माहेरी आल्या की सगळी खान्देशी चाळ तिच्या दारात. मी तिचा धाकटा दीर आणि पक्का खादाड. त्यामुळे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तिचा उजवा हात रोलरमध्ये सापडला, तेव्हा तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे सुकलालदादाच्या आधी मी रडलो.

बोटं वाचली, पण हाताच्या पाठीवरची कातडी पार सोलून निघाली. डॉक्टर वशींचा उपाय दादानं दोनदा समजावून घेतला. ओटीपोटाची कातडी एका बाजूनं तशीच जोडलेली ठेवायची, बाकीची सोडवून हातावर शिवायची. तीन आठवडे हात पोटाला चिकटलेला. तोवर कातडीला रक्त पोटाकडून. हाताचं रक्त तिच्यात खेळू लागलं की कापून वेगळं करायचं.

"आनि मांडा?" वहिनीनं विचारलं.

"पहले चमडी तो जीने दो, बेन," डॉक्टर म्हणाले. मग बजावलं, की तंबाखूनं रक्ताच्या नळ्या आखडतात, लावलेली कातडी मरते. "बीडी, तमाकू, कुछ लेती हो?"

वहिनी भडकली. "मी काय बिडी पेस का? चांगला घरनी बाई से मी!"

ऑपरेशन झालं. गारव्यानंही नळ्या आखडतात, म्हणून भर चैत्रात तिच्या डोक्यावरचा पंखा बंद. शेजारच्या खाटेवरच्या सरलाबाईशी त्यावरून रोज जुंपायची. वहिनीचा एक हात कमरेलाच शिवलेला, त्यामुळे ती झोपेतही भांडायला उभी राहिल्यासारखी दिसायची.

डॉक्टर येऊन कातडी बोटानं दाबायचे. दाबलं की पांढरी पडावी आणि बोट उचललं की गुलाबी व्हावी. पण कडेला ती निळसर पडू लागली. त्यांनी टाके तपासले, उशी सरकवली, हात कुठं मुरगळलाय का पाहिलं. सगळं ठीक, आणि रंग बिघडतच चाललेला. ही कातडी गेली तर हात गेला, हे आम्हाला न सांगता कळत होतं. मी गजाननाला नवस बोललो, तोही मांड्यांचाच.

एके दिवशी डॉक्टरांची फेरी भल्या सकाळी आली. वहिनी पाठमोरी बसलेली.

"कैसे हो, बेन?"

उत्तर नाही.

"दुखता है?"

वहिनीनं फक्त मान हलवली. डॉक्टर घाबरून पुढं झाले. तिचे गाल फुगलेले, डाव्या हाताचं बोट काळंकुट्ट. डबा घेऊन आलेल्या चाळीतल्या शोभाबाईनं लगबगीनं तस्त पुढं केलं, वहिनी थुंकली आणि शांतपणे म्हणाली, "दात घसी रायनू."

"किससे?"

"मिसरी."

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू. शोभाबाई रोजच्या डब्यासोबत ताजी भाजून आणायची, आजारी माणसाची आबाळ नको म्हणून. वहिनी दिवसातून चारदा घासायची. डॉक्टर स्टूल ओढून त्यावर मटकन बसले.

"तमाकू नहीं लेती, बोला था ना?"

"मी तंबाखू खास कोठे? दातले घसस!"

मी हसलो, आणि दादानं माझ्या पाठीत धपाटा घातला.

मिसरी बंद झाली. वहिनीचं डोकं ठणके, चहा गोड लागेना, पोट साफ होईना. तिनं डॉक्टरांना शिव्या दिल्या, दादाला दिल्या, पंख्यालाही दिल्या. पण निळा रंग हळूहळू मागं सरला. कडेची बोटभर पट्टी तेवढी गेली, बाकी कातडी तगली. हात पोटापासून सुटला त्या दिवशी दादा व्हरांड्यात जाऊन ओक्साबोक्शी रडला. मीही रडलो.

पुढच्या वर्षी अखाजीला लेक जयश्री सासरहून आली, आणि वहिनीनं डॉक्टरांनाही बोलावलं. हाताच्या पाठीवर पोटाची गुबगुबीत कातडी, तिला स्पर्श नीट कळेना. पहिला मांडा हातावरच फाटला. दुसराही. जयश्री म्हणाली, "आई, ऱ्हाऊ दे." वहिनीनं दात-ओठ खाल्ले, तिसरा गोळा उचलला, आणि नजर हातावरून न काढता तो फिरवू लागली. तो पसरला, पसरत गेला, आणि खापरावर पडला.

तो तिनं डॉक्टरांच्या पानात वाढला. त्यांनी अर्धा एकदमच तोंडात कोंबला.

"कसा व्हयना?"

डॉक्टरांचे गाल फुगलेले. त्यांनी फक्त मान हलवली.

"बोला ना आते, डॉक्टरसाहेब," वहिनी म्हणाली, "तोंडमा काय भरेल से?"