खरजवुं

माझ्या हातांचं आणि थंडीचं जुनं वैर आहे. दिवाळी सरली की पेरांवर आधी खाज येते, मग बारीक पुटकुळ्या, मग भेगा. सुरतेत आले तेव्हा मी डिंडोलीतल्या घरी बसून साड्यांना खडे चिकटवायचं काम करायची. बोटांवर बसलेला गम थिनरने पुसायचा, त्यावर धुण्याची पावडर, त्यावर भांड्यांचा साबण. एवढं सोसून हात गप्प बसले असते तर नवलच.

त्या पहिल्या थंडीत लेक दोन वर्षांची होती. गल्लीच्या तोंडाशी एक दवाखाना होता. तिथल्या गुजराती डॉक्टरांनी माझा हात उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "बेन, आ तो खरजवुं छे." पुढेही ते बरंच बोलले, पण माझे कान त्या एका शब्दावर बंद झाले होते. निम्मी कळणारी भाषा अजिबात न कळणाऱ्या भाषेपेक्षा वाईट. तिने माणूस उगाच शहाणा होतो. मी ऐकलं, खरूज.

खरूज म्हणजे काय, हे आमच्या खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. एकाला झाली की घरभर होते. मी डॉक्टरांना उलट एक शब्द विचारला नाही, लाज वाटली. त्यांनी दिलेली मलमाची ट्यूबही घरी येऊन फडताळावर टाकली. आपल्याला कळलेल्या रोगाला आपलेच उपाय, असा माझा तोरा.

मी फोन केला, तशी आठ दिवसांत माझी आई गावाहून आली आणि लेकीला घेऊन निघाली. "तू काही काळजी करू नको. पोर मनाकडे राही," ती आमच्या अहिराणीत म्हणाली. उधना स्टेशनवर लेक तिच्या खांद्यावर झोपली होती. मी दोन्ही हात पदरात गुंडाळून उभी. गाडीत चढताना लेकीच्या पायातली एक चप्पल खाली पडली, तीसुद्धा मी नवऱ्याला उचलायला लावली.

मग मी खरजेच्या मागे हात धुऊन लागले, अगदी शब्दशः. कडुनिंबाच्या कढत पाण्यात हात बुडवायचे, गंधकाच्या साबणाने घासायचे, पांघरुणं उकळायची. हात चिघळत गेले. मला वाटायचं, घासणं कमी पडतंय. आई फोनवर विचारायची, "कधी बरं व्हई?" मागून लेकीचं हसणं ऐकू यायचं आणि मी फोन कानाशी आणखी दाबून धरायची. तिचा एक न धुतलेला फ्रॉक मी पिशवीत बांधून ठेवला होता. काढून हुंगायचीही भीती, न जाणो त्यालाही लागायची. असे दहा महिने गेले. मुलीवाचून घर खायला उठायचं, आणि ते कुणाला सांगायचं तर आधी रोगाचं नाव सांगावं लागणार.

शेवटी भेगांतून रक्त येऊन साडीला डाग पडला, तेव्हा नवऱ्याने मला ओढतच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हिंदीत विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "नहीं, लडकी को पहलेही गाँव भेज दिया."

"क्यों?"

"खरूज है ना."

त्यांनी माझे हात पुन्हा एकदा उलटून पाहिले. मग सावकाश समजावलं. ही खरूज नाही, एक्झिमा आहे, म्हणजे तुमचं इसब. गुजरातीत त्यालाच खरजवुं म्हणतात. ते कुणाला लागत नाही. थिनर, पावडर, कढत पाणी, कोरडी हवा, यांनी ते खवळतं. पाणी कोमट ठेवा, हात पुसल्या पुसल्या व्हॅसलीन लावा, खडे लावताना रबरी हातमोजे आणि त्यांच्या आतून सुती मोजे घाला. मी मान डोलावत होते. लेकीला मांडीवर घेऊनही हे सगळं करता आलं असतं, एवढंच डोक्यात घुमत होतं. मला माझाच इतका राग आला की रडूही फुटेना.

दुसऱ्याच दिवशी गावाची गाडी धरली. लेक ओट्यावर आईच्या पदराशी खेळत होती. मी हात पुढे केले तशी ती पदराआड सरकली आणि आईला विचारलं, "माय, हाई कोन शे?"

सुरतेला आणल्यावर ती हळूहळू माझी झाली, असं म्हणायची पद्धत आहे. मीही तसंच म्हणते. पण ती कधी येऊन बिलगली नाही. शेजारी बसली तरी वीतभर अंतर ठेवून. आता कॉलेजात जाते, माझ्याशी अर्धं गुजरातीतच बोलते. माझ्यावर माया आहे तिची, नाही असं नाही.

गेल्या थंडीत पुन्हा बोटं फुटली. एका दुपारी माझ्याने डबीचं झाकण उघडेना. तिने फोन बाजूला ठेवला, माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि एकेका बोटाला व्हॅसलीन लावू लागली. मी श्वाससुद्धा जपून घेत होते.

"बस ने, मम्मी?" तिने डबीचं झाकण लावता लावता विचारलं.

हात केव्हाचा मऊ झाला होता. मी म्हटलं, "नाही गं, अजून आग होतेय."