शुक्रवारी आलेलं स्थळ

नोकरी असो की जावई, आमच्या बाबांची अट एकच: परमनंट. ते कचेरीत कारकून. त्यांच्या वडिलांनी वज्रेश्वरीला देवदर्शनाला गेले असताना आईचं स्थळ ठरवलं, आणि बाबांनी तिला पाहिलं ते थेट आंतरपाट दूर झाल्यावर. नोकरीही टिकली, संसारही टिकला. आता अशा माणसाशी वाद काय घालणार?

नव्वद उजाडलं तेव्हा मी कामतघरच्या एका कापडाच्या लूम कारखान्यात हिशेब सांभाळत होते. बाबांच्या लेखी तो लग्न होईपर्यंतचा टाइमपास होता. तिथेच मागांच्या जळलेल्या विजेच्या मोटारी दुरुस्त करायला येणारा एकजण मला आवडला. त्याचं स्वतःचं छोटं दुकान होतं. परमनंट म्हणावं असं काहीच नव्हतं.

बाबांनी आणलेली दोन्ही स्थळं सरकारी होती. दोघेही मान खाली घालून पुटपुटले आणि बाबांनी प्रसन्नपणे मान डोलावली. त्यांना एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं, हे आईला आणि मला ठाऊक होतं. पण कान गेले असं म्हणायची सोय नव्हती. आमच्याकडे टीव्हीचाच आवाज हल्ली बारीक झाला होता!

दुसरं स्थळ जवळजवळ पक्कं होत आलं, तेव्हा मी धीर केला. म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एकाला भेटा, मग तुम्ही म्हणाल तसं." बोलून बसले आणि मग स्वतःलाच शिव्या घातल्या.

तो शुक्रवारी संध्याकाळी आला. शुक्रवारी आळीतले लूम बंद, त्यामुळे सगळं चिडीचूप. पण याचा सगळा जन्म खडखडाटात गेलेला. दारातूनच ओरडला, "नमस्कार काका!" समोरची खिडकी उघडली.

बाबांनी पगार विचारला.

"पगार न्हाय काका! दुकान हाय! कधी चार मोटारी येतात, कधी एक बी न्हाय!"

संपलं सगळं, असं वाटलं. पण बाबांनी पुढचा प्रश्न विचारला, मग आणखी एक. मोटार जळते कशी, इथपर्यंत गाडी गेली. पोहे गार झाले, आईने दुसऱ्यांदा चहा टाकला.

तो गेल्यावर मी चाचरत म्हटलं, "जरा मोठ्याने बोलतो. सवय आहे त्याला."

"मोठ्याने कुठे? बरोबर बोलतो." बाबांनी गार पोह्यांची बशी पुढे ओढली. मग म्हणाले, "त्या दोघांचं मला काहीच कळलं नव्हतं गं. नुसती मान हलवली. उद्या तुझ्या घरी येऊन, पोरगी कशी आहे म्हणून विचारलं, तर उत्तर तरी ऐकू यायला हवं ना?"

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. इतकं हायसं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

लग्नानंतर बाबा दर शुक्रवारी यायचे. मी समोर उभी असले तरी त्यालाच विचारायचे. तो ओरडायचा, "मजेत हाय, बाबा!"

मी सुखात आहे, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं.