तक्रार क्रमांकाशिवाय

रुग्णालयाच्या तळघरात, धुतलेल्या चादरींच्या कोठारासमोर संगणक कक्ष होता आणि गेली चौदा वर्षं रिस्टार्टताई तिथे बसत असे. बसत असे म्हणायचं एवढंच. निम्मा दिवस ती कुणाच्या तरी टेबलाखाली गुडघ्यांवर, तोंडात टॉर्च धरून वायरी चाचपत असायची. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं, "बंद करून परत चालू केलंत का?" त्यावरून हे नाव पडलं. खरं नाव आता पगाराच्या यादीपुरतं उरलं होतं.

आयटीची पदवी हातात आली तेव्हा तिच्या वर्गातले सगळे प्रोग्रॅम लिहायच्या नोकऱ्यांमागे धावले. तिला त्यात कधी गोडी वाटली नाही. बिघडलेलं यंत्र आणि त्याच्यासमोर वैतागलेला माणूस, या दोघांना ताळ्यावर आणायला तिला आवडायचं. मोठे दीर सॉफ्टवेअर कंपनीत होते. घरी जेवायला आले की विचारायचे, "काय गं, आज किती प्रिंटर बरे केलेस?" ती हसून पोळी वाढायची.

पण टेबलाखालचे गुडघे आता कुरकुरू लागले होते. रुग्णालयाच्या माहिती सुरक्षा विभागात जागा निघाली. रुग्णांच्या नोंदी सांभाळायच्या, बाहेरून चोरवाटेने कोणी शिरत नाही ना यावर पहारा ठेवायचा. दोन वर्षं पहाटे उठून अभ्यास करून तिने त्या विषयाची परीक्षा दिली होती, पासही झाली होती. अर्ज घेऊन ती साहेबांकडे गेली.

साहेबांनी पडद्यावर तिची नोंद उघडली. "वर्षभरात एकसष्ट तक्रारी? शेजारच्या इमारतीतला तंत्रज्ञ नऊशे सोडवतो. तू दिवसभर करतेस काय?"

नियम असा होता की ज्याचं यंत्र बिघडलं त्याने संगणकावर तक्रार नोंदवायची, त्या तक्रारीला क्रमांक पडायचा आणि त्या क्रमांकावर काम केल्याची नोंद व्हायची. तिच्या इमारतीत कोणी नोंदवतच नसे. सरळ फोन करायचे, "अगं, तेवढं बघून जा ना." ती जायची. चौदा वर्षांची धावपळ अशी हवेत विरून गेली होती.

"दोन महिने आकडा दाखव," साहेब म्हणाले. "मग अर्ज पुढे पाठवतो."

दुसऱ्या दिवशी पहिला फोन आला तो तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टरांचा. "अगं, तो लेबलांचा प्रिंटर परत रुसलाय. ये ना जरा."

"सिस्टर, तक्रार नोंदवा. क्रमांक पडला की लगेच येते."

"क्रमांक? माझ्याकडे मागतेस?"

"सगळ्यांकडेच मागतेय."

सासूबाई इथे दाखल होत्या तेव्हा याच सिस्टर कामाची वेळ संपल्यावरही त्यांच्या उशाशी बसल्या होत्या.

"बरं," सिस्टर म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंना पाणी पाजायच्या आधी मीही क्रमांक विचारायला हवा होता, मॅडम."

फोन बंद झाला. रिस्टार्टताई पडद्याकडे डोळे लावून बसली. अकरा मिनिटांनी क्रमांक उमटला आणि ती धावतच जिना चढली. सिस्टरांनी बोटाने प्रिंटर दाखवला आणि पाठ फिरवली.

दोन महिन्यांत सातशे चाळीस तक्रारी झाल्या. जेवणाच्या सुट्टीत मात्र तिच्यासाठी बाकावर सरकून जागा करणारं कोणी उरलं नाही. डबा ती तळघरातच उघडू लागली.

साहेबांनी नवा आकडा पाहिला आणि खुर्चीत मागे रेलले. "एवढं सगळं तू एकटी ओढतेस? कमाल आहे." त्यांच्या आवाजात खरंच कौतुक होतं. "मग तुला सोडू कसं मी?"

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात."

"म्हणालो होतो, तेव्हा मला कुठे ठाऊक होतं? असं कर, तुझ्या जागी माणूस दे. टिकणारं. बाहेरून घेतलेले सहा महिन्यांत सॉफ्टवेअरकडे पळतात. महिनाअखेरीपर्यंत आणलंस तर त्याच दिवशी सही करतो."

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मिळेल गं कोणीतरी."

रविवारी मोठे दीर मुलीला घेऊन आले. पोरीची आयटीची शेवटची परीक्षा नुकतीच संपली होती. "हिला जरा समजाव," दीर म्हणाले. "प्रोग्रॅमिंग नको म्हणते. मग काय आयुष्यभर प्रिंटर पुसणार?"

पुतणी ऐकतच नव्हती. आल्या आल्या तिने आजीचा फोन नीट करून दिला होता. ते कळताच शेजारीण आपला घेऊन आली, मग लेकाचा लॅपटॉपही. पोरीचा चहा कपात गार झाला होता.

"नाही म्हणायचं होतंस," रिस्टार्टताई म्हणाली.

"पाचच मिनिटांचं तर काम आहे, काकू." तिने मान वर केली. "प्रोग्रॅम लिहायचे नाहीत, तर दुसरं काय असतं गं?"

"खूप असतं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, त्याला टेस्टिंग म्हणतात. तू लहानपणापासून खुसपटं काढतेस, तुला जमेल. नेटवर्क उभारायचं. आकड्यांच्या ढिगातून कामाचं तेवढं निवडून द्यायचं. यंत्र कसं वापरायचं ते सोप्या भाषेत लिहून द्यायचं, ते काम करणारी माणसंही लागतात."

"आणि तुझ्यासारखं? मला तेच आवडेल. वैतागलेला माणूस हसला की बरं वाटतं. तुझ्याकडे आहे जागा?"

नवऱ्याने पेपर खाली केला.

एक शब्द पुरे होता. उद्या सही, परवा वरच्या मजल्यावर खिडकीजवळचं टेबल. दाराशी शेजारीण पुन्हा उभी होती, आणखी कुणाचा तरी फोन घेऊन, आणि पोरीने तिच्याकडे न बघताच हात पुढे केला होता.

"नाही," रिस्टार्टताई म्हणाली. "आमच्याकडे जागा नाही."

"सुटलो बाबा," दीर म्हणाले.

नवरा तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात आला. "अगं, पण परवाच तर तू..."

"हळू बोल."

"महिनाअखेर दहा दिवसांवर आलीय."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि पोरीचा चहा परत गरम करायला ठेवला.