मृताच्या रकान्यात कोण?

गडचिरोलीकडच्या जंगलातल्या एका ग्रामपंचायतीला मी मृत्यू नोंदणीचा ऑनलाइन अर्ज बनवून दिला होता. त्यात एक खास सोय होती. प्रत्येक रकान्यामागे खूण: इथे नाव, इथे पत्ता. ती ओळखून फोन आपल्या मालकाची माहिती स्वतःच भरतो. बोटं थरथरतात, डोळ्यांना दिसत नाही, अशांचे कष्ट वाचतात. पंचायतीत मी यावर भाषण ठोकलं. टाळ्या कमी पडल्या म्हणून शेवट पुन्हा म्हटला.

पहिला अर्ज एका अंध, निवृत्त गुरुजींचा. बायको नुकतीच गेलेली. "जन्मभर माहे कागद तिनंच वाचले अन् भरले. हा एक मी भरीन," म्हणाले. मी शेजारी ऐटीत बसलो. भर दुपार, वीज गेलेली, बाहेरच्या मोहाच्या झाडावर एकही पाखरू बोलत नव्हतं. गुरुजींनी फोनला भरायला होकार दिला.

"मृत व्यक्तीचे नाव," पडद्यावरचं वाचून दाखवणारी फोनमधली बाई म्हणाली. आणि त्याच सुरात गुरुजींचं पूर्ण नाव.

गुरुजींचं बोट थांबलं. "भाऊ, काय म्हणून राह्यली हे बाई?"

"नेटवर्क, गुरुजी."

बाईनं गुरुजींचं गाव वाचलं. मग पिनकोड.

"नेटवर्कले माहा पत्ता ठाऊक हाय?" ते हळूच म्हणाले. "मी गेलो, अन् मलेच सांगतलं नाई का कोणी?"

मी माझ्या फोनवर अर्ज उघडला आणि भरायला सांगितलं. मृताच्या रकान्यात माझं नाव. माझं घर. फक्त मृत्यूची तारीख रिकामी, आणि तिथे एक उभी रेघ लुकलुकत होती.

भुताटकी माझीच होती. अर्जदाराचा भाग कॉपी करून मी मृताचा बनवला होता. रकान्यांवरची शीर्षकं बदलली, मागच्या खुणा तशाच राहिल्या. त्या खुणा फक्त फोन हातात धरणाऱ्यासाठी असतात, हे भाषणात सांगणारा मीच! लॅपटॉप काढून मृताच्या भागातल्या खुणा पुसल्या आणि गुरुजींना अर्ज पुन्हा उघडायला लावला.

"मृत व्यक्तीचे नाव," बाई म्हणाली, आणि गप्प झाली.

एकेक अक्षर चाचपत गुरुजींनी बायकोचं नाव लिहिलं. बाईनं ते पूर्ण वाचलं. त्यांनी परत वाचायला लावलं.

"अर्जदाराचे नाव," बाई पुढे गेली. होकार देताच पाठोपाठ गुरुजींचं नाव आलं.

"हं," ते म्हणाले. "इथी हाव मी."