बगी मी चालवली होती

कॅरिबियनला बगी, ती जीपसारखी उघडी गाडी, मी चालवली होती! नुसत्या चिखलातून, किंचाळत, आणि नवरा शेजारी दांडा घट्ट धरून बसलेला. मग गुहेतल्या निळ्या पाण्यात धपकन उडी मारली, इतकी मस्त पोहले ना! फोटो त्यानेच काढले.

सिटीवेस्टला घरी आल्यावर सासरचा ग्रुप उघडला, तर सगळ्या फोटोंत तो एकटाच. स्विमसूटमधली मी कापलेली. त्याच्या आत्याने विचारलेलं, "सूनबाई कुठाय रे?" ह्याचं उत्तर, "दमलीये, हॉटेलवर झोपलीये."

"अगं, आईला उगाच कशाला टेन्शन? ग्रँड आहे सगळं, काही बिघडलं नाहीये," तो म्हणाला.

तेवढ्यात सासूबाईंचा मेसेज आला, "आता बरं वाटतंय का गं?"

मी टाइप केलं, "हो आई, झोपून बरं वाटलं."