येसाजीच्या कोटाचा तुकडा

आगरदांड्याच्या मागच्या वाडीत मनुबाईच्या हाती सुई दिसली की घरची माणसं आपापले कपडे चाचपू लागत. कुणाकडे पाळणा हलणार म्हटलं की ती गोधडी शिवायला बसे, आणि तीत घरच्या प्रत्येकाच्या अंगावरचा तुकडा पाहिजेच. ज्याचा तुकडा नाही त्याला पोर ओळखत नाही, असं तिचं ठाम मत होतं. तिच्या नवऱ्याचं, रावजीचं, धोतर दर बाळंतपणाला वीतभर आखूड होत होत आता गुडघ्याशी आलं होतं.

तुकडा कुणाचा ते कळावं म्हणून मनुबाई त्यावर रंगीत दोऱ्यानं खूण काढी. रावजीच्या तुकड्यावर चिलीम. सासूच्या तुकड्यावर एकच दात, आणि सासूला तो फार आवडायचा.

या खेपेला गोधडी खाडीपलीकडे दिघीला जायची होती. लेकीला, राहीला, पहिली मुलगी झाली होती. सगळे तुकडे जमले, राहिला एक. तो धाकट्या दिराचा, येसाजीचा.

रावजी आणि येसाजी एकाच घरात मधे कूड घालून राहत. रावजीचा कोंबडा येसाजीच्या छपरावर बसून आरवला, तेव्हा तो कोंबडा कुणाचा यावरून दोघांची बोलचाल बंद झाली. पुढे कोंबडा खाऊन झाला, देश स्वतंत्र झाला, जंजिऱ्याची नबाबी गेली, पण अबोला जागच्या जागी. येसाजीचं लग्न राहून गेलेलं. राहीला त्यानंच खांद्यावर घेऊन वाढवलेली.

येसाजी काही तुकडा देणार नाही, हे मनुबाईनं न विचारताच ठरवून टाकलं. मग तिनं आंबे उतरवायची आकडी कुडावरून सरकवली आणि त्याच्या दोरीवरची बंडी ओढू लागली. येसाजीनं पलीकडून बंडी धरली. दोघंही तोंडातून शब्द न काढता बराच वेळ ओढत राहिली. शेवटी आकडी मोडली.

त्या दिवसापासून येसाजीनं दोरीवर कपडा घातला नाही. होते नव्हते तेवढे कपडे तो अंगावरच घालून हिंडू लागला. दोन सदरे, तीन बंड्या आणि न झालेल्या लग्नासाठी शिवलेला काळा कोट. वैशाखात. कुणी विचारलं तर म्हणे, थंडी वाजते. धुतलेले कपडे अंगावरच वाळवी.

बारशाच्या दिवशी होडीत एका टोकाला रावजी-मनुबाई आणि दुसऱ्या टोकाला कोटातला येसाजी. गोधडीत हातभर जागा मोकळी होती. मनुबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. या मुलीनं येसाजीला ओळखलं नाही तर राहीला काय वाटेल, हेच तिच्या मनात घोळत होतं. खाडीच्या मध्यावर येसाजी उन्हानं घेरी येऊन आडवा झाला. तिनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले तसा तिचा धीर सुटला.

"भावोजी, राहीच्या पोरीसाठी येक तुकडा द्या."

"ह्या आधी मागायचा व्हता," येसाजी म्हणाला. "आकडी कशाला घातलीस?"

त्यानं कोटाचं टोक पुढे केलं. कात्री नव्हती. होडीवाल्यानं सुरी दिली, पण मासळीच्या सुरीनं बाळाचं कापड कापायचं नाही म्हणून मनुबाईनं ती परत केली. अपुरी गोधडी लेकीच्या उंबऱ्याआत न्यायची नव्हती. मग तिनं कोटाचं टोक तसंच गोधडीला शिवून टाकलं. कोट उतरवायला येसाजी तयार नव्हता. वरातीत घालायचा कोट नातीच्या बारशाला तरी अंगावर राहू दे, म्हणाला.

असा तो गोधडीसकट दिघीत उतरला. पुढे रावजी गोधडी उचलून, मागे येसाजी. थांबायचं, वळायचं तर बोलणं भाग होतं. "हळू," रावजी म्हणाला. "व्हय," येसाजी म्हणाला. राहीनं दोघांना तसं येताना पाहिलं आणि ती रडायलाच लागली.

पोरीला गोधडीवर ठेवली. तिनं कोटाची बाही मुठीत धरली ती सोडेना. सासरच्यांनी कात्री आणली. येसाजी म्हणाला, झोपू दे तिला आधी. तो तसाच वाकून बसला.

मनुबाईनं सुईत लाल दोरा ओवला. "तुमच्या तुकड्यावर काय काढू, भावोजी?"

येसाजीनं रावजीकडे पाहिलं.

"कोंबडा काढ," तो म्हणाला. "छप्पर नको काढू."